मिशीवाली आई : गिजुभाई बधेका



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. या खेपेस मी एका पुरुषाचे चरित्र लिहावयास घेतले आहे, तेव्हा पुष्कळजणींना थोडे नवल वाटेल. परंतु ज्या पुरुषाला लोकांनी प्रेमाने आई म्हटले, त्याचे चरित्र बायकांच्या स्मरणिकेत यावयास हरकत कोणती? गुजरातेत त्यांना मूछाळी मा म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. त्यांचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. पण ते ओळखले जातात गिजुभाई याच नावाने.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. शिक्षणशास्त्र म्हणून जे काही असते ते मला ठाऊक नाही. परंतु दिवेलागणीला मुले गोळा करावी व गोष्ट सांगावी, हे काम आपणां सर्वांच्या आज्या-पणज्यांनी केलेले आहे. त्या कामाला कोणी विद्या म्हटले नाही. रिकामपणचा उद्योगच समजले. गिजुभाईंनी मात्र त्याला विद्येचा मान दिला. चार मुलांनी एकत्र बसून गोष्ट ऐकली की ती मुले एकमेकांची होतात, ही गोष्ट त्यांनी नुसती म्हटली नाही, तर आयुष्य खर्चून करून दाखविली. म्हणून त्यांची आठवण आपण सर्वांनी ठेवावी असे मला वाटते.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चित्तळ या गावी झाला. त्या काळची शाळा म्हणजे छडी, पाढे व घोकंपट्टी. मास्तरांना भिऊन बसणे हाच मुख्य धडा. लहान वयातील ही शाळा गिजुभाई कधी विसरले नाहीत. पुढे मोठेपणी त्यांनी जे जे केले, त्यात मुलांच्या मनातील भीती काढून टाकण्याची धडपड दिसते. त्याचे मूळ बहुधा तेथेच असावे.

तरुण वयात पोटासाठी दूर जाणे त्यांच्याही नशिबी आले. १९०७ साली ते समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेले. तेथे दोनएक वर्षे राहून स्वदेशी परतले व मुंबईस येऊन कायद्याचा अभ्यास केला. त्यानंतर सौराष्ट्रातच वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिलीत मान होता, पैसा होता. घरच्या माणसांना वाटले असेल की आता सगळे मार्गी लागले. परंतु माणसाचे आयुष्य केव्हा वळण घेईल ते सांगता येत नाही. गिजुभाईंच्या आयुष्याला वळण दिले ते एका तान्ह्या मुलाने.

१९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नरेंद्र. आपल्या मुलाला चांगले वाढवावे असे कोणत्या बापाला वाटत नाही? पण बहुतेक बाप तेवढे म्हणून कचेरीला निघून जातात आणि पुढचे आईने पाहावे अशी रीत असते. गिजुभाई तसे गेले नाहीत. आपण ज्या शाळेत शिकलो तसल्या शाळेत या मुलाला घालावयाचे काय, हा प्रश्न त्यांना बोचू लागला. त्यांनी चौकशी आरंभली. त्या शोधात ते खेडा जिल्ह्यातील वसो या गावी गेले. तेथे मोतीभाई अमीन या शिक्षणप्रेमी गृहस्थांची भेट झाली व माँटेसोरीबाईंच्या विचारांची ओळख झाली.

या माँटेसोरीबाई म्हणजे इटली देशातील एक डॉक्टरीणबाई. १९०७ साली त्यांनी रोम शहरात गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले होते. लहान मूल हे मातीचा गोळा नव्हे. त्याच्या आत शिकण्याची ओढ असतेच, मोठ्यांनी त्याच्या मार्गातून बाजूला व्हावे व त्याला हाताने काम करू द्यावे, असे त्यांचे सांगणे होते. गिजुभाईंना हा विचार फार पटला. कोर्टातील पक्षकारांची कागदपत्रे वाचता वाचता ते बालशिक्षणाची पुस्तके वाचू लागले.

त्या वेळी भावनगर येथे नृसिंहप्रसाद भट्ट, म्हणजे नानाभाई भट्ट, यांनी १९१० साली स्थापन केलेली श्रीदक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. प्रथम ते विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते व पुढे त्याला शाळेची जोड मिळाली. १९१६ साली गिजुभाई चालती वकिली सोडून या संस्थेत दाखल झाले. भगिनींनो, घरात लहान मूल असताना चांगली कमाई सोडणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगावयास नको. महिन्याच्या शेवटी डबे खडखडू लागले की मोठमोठे विचार मागे पडतात. गिजुभाईंचे मागे पडले नाहीत, यात त्यांच्या घरच्यांचाही वाटा असला पाहिजे, असे मी मानते.

संस्थेत त्यांच्याकडे प्रथम मोठ्या मुलांच्या शाळेचे काम होते. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, मुले येथे येईपर्यंत उशीर झालेला असतो. भिण्याची, एकमेकांवर कुरघोडी करण्याची व गुणांसाठी मनात अढी धरण्याची सवय लागून चुकलेली असते. पीठ एकदा सैल भिजले की मग कितीही मळले तरी पोळी नीट लाटता येत नाही, तसा हा प्रकार. म्हणून अगदी लहान मुलांपासून आरंभ करावा असे त्यांनी ठरविले व १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. अडीच वर्षांपासूनची मुले तेथे येऊ लागली. भावनगरात तख्तेश्वराच्या देवळाजवळच्या टेकडीवर बालमंदिराची इमारत उभी राहिली. तिचे उद्घाटन १९२२ साली कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले.

त्या बालमंदिरात छडी नव्हती. परीक्षा नव्हती व बक्षिसेही नव्हती. मुले झाडांना पाणी घालीत, झाडलोट करीत, गाणी म्हणत, चित्रे काढीत. मोठमोठ्या मिशांचे एक वकील त्यांच्यात मांडी घालून बसलेले असत. असा पुरुष त्या काळी लोकांनी पाहिला नव्हता. मुलाचे नाक पुसणे, त्याची बटणे लावणे, त्याचे बोबडे बोलणे तासन्‌तास ऐकणे, हे सर्व बायकांचे काम अशी समजूत. गिजुभाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. मिशीवाली आई हे नाव त्यांना मिळाले ते अशा रीतीने.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. माँटेसोरीबाईंना गिजुभाई गुरुस्थानी मानीत. परंतु एका बाबतीत त्यांनी गुरूचे ऐकले नाही. परी, राक्षस, बोलणारे प्राणी अशा कल्पनेच्या गोष्टी अगदी लहान मुलांना सांगू नयेत, त्यांना खऱ्या जगाची ओळख आधी व्हावी, असे माँटेसोरीबाईंचे मत होते. गिजुभाईंनी त्यांची साधने घेतली, त्यांची शिस्त घेतली, मुलाविषयीचा आदर तर घेतलाच. पण गोष्ट मात्र सोडली नाही. आपल्या देशातील मूल आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत वाढते. ती त्याच्या अंगणातली वस्तू आहे, परदेशातून आणावी लागत नाही आणि तिला पैसाही पडत नाही. बालमंदिरात गोष्ट, गाणे व नाटक यांना त्यांनी मानाची जागा दिली. दुसऱ्याचे चांगले घ्यावे, पण घरातले चांगले उकिरड्यावर टाकू नये, ही शिकवण आपणांसही घेण्यासारखी आहे.

लोकांच्या तोंडी चालत आलेल्या गोष्टी त्यांनी वेचून वेचून जमविल्या. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या, शेतकऱ्यांच्या, खेड्यापाड्यांतल्या गोष्टी. त्या मुलांना सांगून पाहावयाच्या, कोठे मुले हसतात, कोठे कंटाळतात ते पाहावयाचे, आणि मग मुलांना समजेल अशा सोप्या बोलीत लिहून काढावयाच्या. त्यांच्या बालवार्ता गुजरातेत घरोघर पोचल्या. १९२५ साली त्यांनी वार्तानुं शास्त्र या नावाचा ग्रंथ लिहिला. वार्ता म्हणजे गोष्ट. गोष्ट कशी निवडावी, कोणत्या वयाला कोणती, ती केव्हा सांगावी, कशी सांगावी, याचा एवढा खोल विचार त्यात आहे की वाचणाऱ्याने थक्क व्हावे. आपल्या आज्या जे सहज करीत होत्या त्यामागे केवढे शहाणपण होते, ते त्यावरून कळते.

त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते. गोष्ट सांगणाराला ती स्वतःला आवडली पाहिजे. त्याला आवडली नाही तर मुलांना आवडणार नाही. ती वाचून दाखविण्यापेक्षा तोंडाने सांगावी, म्हणजे सांगणाराचे डोळे मुलांच्या डोळ्यांना भिडतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा तेच शब्द येणारी छोटी गोष्ट द्यावी. मोठ्या मुलाला शौर्याची व प्रवासाची द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधू नये. गोष्ट मुलाच्या आनंदासाठी आहे. आनंदातून जे आत उतरावयाचे ते आपोआप उतरते. शेवटी उपदेश केला की मूल ओळखते की हे गूळ लावलेले औषध होते, आणि पुढच्या खेपेस तोंड मिटून घेते.

दहा-बारा मुले एका गोष्टीला बसली की काय घडते ते आपण आपल्या अंगणातही पाहू शकतो. प्रथम मुले गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मागच्याला दिसत नाही म्हणून पुढचा जरा सरकतो. कोणी मध्येच बोलू लागला तर बाकीचीच त्याला गप्प करतात, मोठ्यांना ओरडावे लागत नाही. हसण्याची जागा आली की सारी एकदम हसतात. ज्याच्याशी सकाळी भांडण झाले त्याच्याबरोबर संध्याकाळी हसले की भांडण अर्धे मिटलेच. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारे बोल आले की सर्व मुले ते एका सुरात म्हणतात. जे मूल एरवी कोणापुढे तोंड उघडत नाही तेही त्यात म्हणू लागते, कारण सर्वांच्या आवाजात त्याचा एकट्याचा आवाज कोणाला वेगळा ऐकू येत नाही. आज सर्वांबरोबर म्हणणारे मूल उद्या दोघांत बोलते आणि परवा एकटे बोलते. लाजऱ्या मुलाला पुढे ढकलून बोलावयास लावण्यापेक्षा ही वाट किती सोपी!

गिजुभाईंनी जमविलेल्या गोष्टींपैकी सात शेपटांच्या उंदराची गोष्ट फार प्रसिद्ध आहे. एका उंदराला सात शेपट्या होत्या. तो शाळेत गेला की बाकीची पोरे त्याला सात शेपट्या म्हणून चिडवीत. तो रडत घरी आला तेव्हा आईने त्याला एक शेपटी कापून घ्यावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी पोरांनी सहा शेपट्या म्हणून चिडविले. असे करता करता एक शेपटी उरली, तरी चिडविणे थांबेना. तीही कापली, तेव्हा पोरे त्याला बिनशेपटीचा म्हणून हसू लागली. गोष्ट एवढीच. लहान मुलांना मोजण्याची मौज वाटते, ती खो खो हसतात. परंतु ज्या मुलाला कोणी जाड म्हणते, काळे म्हणते, चष्म्यावरून किंवा बोलीवरून हिणवते, ते मूल ही गोष्ट ऐकताना मनात काय समजते ते सांगावयास नको. आणि चिडविणारेही त्याच गोष्टीला शेजारी बसलेले असतात! तेही हसतात, पण कोठेतरी त्यांनाही टोचते. कोणाचे नाव घ्यावे लागत नाही, कोणाला शिक्षा करावी लागत नाही. येथे तात्पर्य सांगितले तर सारेच बिघडेल.

दुसरी एक गोष्ट दला तरवाडीची. हा तरवाडी दुसऱ्याच्या मळ्यात शिरून वांगी तोडावयाचा. चोरी म्हणू नये म्हणून आधी मळ्यालाच विचारी की वांगी घेऊ काय, आणि मळ्याच्या वतीने स्वतःच होकार देई. शेवटी मळेवाल्याने त्याला पकडले व विहिरीला विचारून, विहिरीच्या वतीने स्वतःच होकार देऊन, पाण्यात बुचकळून काढले. ज्याचे त्याला विचारल्यावाचून वस्तू घेऊ नये, हे शंभरदा बजावून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते या गोष्टीने हसत हसत उतरते. आणि मग खेळताना एखाद्याने न विचारता दुसऱ्याचा चेंडू घेतला तर मुलेच त्याला तरवाडी म्हणू लागतात.

गोष्ट ऐकून झाली की ती खेळावयाची, हा बालमंदिरातील पुढचा भाग. त्यासाठी पाठांतर नसे, पडदे नसत, रंगरंगोटी नसे. गोष्ट मुलांच्या अंगात मुरलेली असे, म्हणून ज्याला जसे सुचेल तसे त्याने बोलावे. यातील खुबी आपण आयांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वांनाच राजा व्हावयाचे असते. पण सगळे राजे झाले तर गोष्ट चालणार कशी? कोणी शिपाई व्हावे लागते, कोणी झाड होऊन नुसते उभे राहावे लागते. आज जो राजा झाला त्याने उद्या झाड व्हावे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याला जागा देणे, लहानाला सांभाळून घेणे हे सर्व मुले आपखुशीने करतात, कारण त्यावाचून गोष्ट पुरी होत नाही.

गिजुभाईंनी दिवास्वप्न नावाचे पुस्तक लिहिले. ती एका शिक्षकाची कल्पित कथा आहे. पण तिच्यामागे गिजुभाईंचा अनुभव उभा आहे. लक्ष्मीराम नावाचा एक तरुण शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो व प्रयोगासाठी एक वर्ग मागून घेतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या उमेदीने मुलांकडून शांततेचा खेळ करवू पाहतो. पण शांतता राहिली बाजूलाच! कोणी ओरडते, कोणी पाय आपटते. मुलांना अशा खेळाची सवय कोठून असणार? तो मुलांना लौकर घरी सोडतो, तर मुख्याध्यापक त्याच्यावर नाराज होतात. घरी जाऊन तो विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी सरळ गोष्टीला आरंभ करतो. तीच दंगेखोर मुले राजा-राण्यांच्या गोष्टीला चिडीचूप बसतात. शाळा सुटते तरी उठावयास तयार नसतात.

बाकीचे शिक्षक अर्थातच हसतात. गोष्टी सांगून मुले कोणीही बसवील, अभ्यास केव्हा करणार, असे टोमणे मारतात. पालकांच्याही तक्रारी येतात. पण लक्ष्मीराम गोष्टीचा धागा धरून पुढे जातो. गोष्टीमुळे मुले वाचावयास मागतात, तेव्हा पाठ्यपुस्तकांचे पैसे एकत्र करून वर्गाचे वाचनालय काढावयाचे ठरते, म्हणजे एकाच्या पैशाचे पुस्तक साऱ्यांनी वाचावयाचे. काही पालकांना हे पटत नाही, तरी काम पुढे सरकते. मुले नाटक करू लागतात. अंगाची व कपड्यांची स्वच्छता ठेवू लागतात. वर्ष अखेरीस त्या वर्गाकडे पाहून अधिकारीही मान डोलवितात. हे पुस्तक पुढे अनेक भाषांत गेले व आजही शिक्षक ते आवडीने वाचतात. मला त्यातील विशेष भावली ती लक्ष्मीरामची फजिती. पहिल्या दिवशी हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी रागावून न जाता गोष्ट घेऊन येतो, ही त्याची थोरवी.

गिजुभाईंच्या कार्याशी आपल्या महाराष्ट्राचा फार जवळचा संबंध आहे. १९२३ साली ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्या कामात सामील झाल्या. मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात मोठ्या जागेवर काम केलेल्या ताराबाईंनी ते सर्व सोडून टेकडीवरील लहान मुलांत बसणे पत्करले. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. संघाची शिक्षणपत्रिका प्रथम गुजरातीत निघे. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीतही सुरू केली. मुलाला मारू नका, त्याला भीती घालू नका, त्याच्याशी खोटे बोलू नका, हे मराठी घरांतून सांगण्याचे काम त्या पत्रिकेने केले.

गुजरातेने गिजुभाईंचा गौरवही केला. १९२९ साली त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक हा मानाचा पुरस्कार मिळाला. मुलांसाठी, आईबापांसाठी व शिक्षकांसाठी त्यांनी लहानमोठी मिळून सुमारे दोनशे पुस्तके लिहिली. परंतु अशा कामाने शरीर थकतेच. १९३६ साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्था सोडली. तरी स्वस्थ बसणे त्यांना ठाऊक नव्हते. बालशिक्षक तयार व्हावेत म्हणून राजकोट येथे त्यांनी अध्यापन मंदिराचे काम आरंभले. ते काम वाढण्यापूर्वीच २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, माँटेसोरीबाई प्रथमच हिंदुस्थानात आल्या. ज्यांच्या विचारावर गिजुभाईंनी आयुष्य वाहिले त्या बाई आपल्या भूमीवर उतरल्या तेव्हा हा शिष्य जगात नव्हता. पाच महिन्यांचे अंतर पडले! त्यांची भेट झाली असती तर गोष्टींवरून दोघांत गोड वाद झाला असता, असे मनात येऊन जाते.

गिजुभाई गेले, पण काम थांबले नाही. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार काढले. तथापि बालमंदिरे बहुतेक शहरांतील खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरच्या मुलांपुरतीच राहतात, ही खंत त्यांच्या मनात होती. म्हणून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा त्यांचा विचार. महागडी साधने नकोत. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने, आणि गोष्टी व गाणी तर होतीच. अंगणवाडी हा शब्द आज आपण रोज वापरतो, त्याची पाळेमुळे ताराबाईंच्या या कामात आहेत. १९७५ साली सरकारने देशभर बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हापासून तो शब्द सर्वतोमुखी झाला. ताराबाई १९७३ साली व अनुताई १९९२ साली निवर्तल्या. भावनगरच्या टेकडीवर लागलेला दिवा असा कोसबाडच्या टेकडीपर्यंत आला.

भगिनींनो, हे चरित्र सांगण्यात माझा एक हेतू आहे. आज आपल्या घरांतून मुलांना काही कमी नाही. खेळणी आहेत, पुस्तके आहेत, हातात मोबाइलही आहे आणि त्यात गोष्टीसुद्धा आहेत. पण ती गोष्ट प्रत्येक मूल वेगळ्या खोलीत, वेगळ्या पडद्यापुढे, एकटे पाहते. ते हसले तर त्याच्याबरोबर हसावयास कोणी नसते, आणि घाबरले तर कुशीत शिरावयास शेजारी कोणाचा खांदा नसतो. एकाच जिन्यावरील मुलांना एकमेकांची नावे माहीत नसतात. नव्याने राहावयास आलेले, दुसरी भाषा बोलणारे मूल कठड्याशी उभे राहून नुसते पाहत असते. त्याला खेळावयास घ्या असे सांगून मुले घेत नाहीत, आणि सांगून घेतलेच तरी ते मनापासून नसते. त्याला आपण गोष्टीला बसवू शकतो. गोष्टीला बसावयाचे तर ओळखपाळख लागत नाही. सतरंजीवर एक टीचभर जागा पुरते.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, पाककृतींच्या स्पर्धा होतात. त्याच सतरंजीवर आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी ठेवली तर खर्च काहीच नाही. ज्यांना गोष्टी येत नाहीत असे वाटते त्यांनी आपल्या आईला, सासूला, मावशीला विचारावे. चिमणी-कावळ्याची, टुणुक टुणुक भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट कोणाला येत नाही? घरात बसून कंटाळलेल्या वृद्ध बायकांनाही आपला उपयोग आहे हे कळेल. मुलांचे आजोबा आले तरी त्यांनी संकोच करू नये. गिजुभाईंनी मिशा ठेवूनच आईपण केले. मुलांत आपपर करू नये, बक्षिसे लावू नयेत, कोणी गोष्ट चांगली सांगितली म्हणून दुसऱ्याला कमी लेखू नये. गोष्ट संपली की प्रश्न विचारू नयेत व उपदेश तर मुळीच करू नये. मुले आपली घरी जावोत. जाताना ती एकमेकांशी काय बोलतात ते मात्र कान देऊन ऐकावे. गोष्टीने काय केले ते तेथे समजते.

एका वकिलाने आपल्या एका मुलाचा विचार करावयास आरंभ केला आणि तो विचार करता करता तो साऱ्यांच्या मुलांची आई झाला. आपणही आपल्या मुलापासूनच आरंभ करावा, पण तेथेच थांबू नये. शेजारचे मूल गोष्टीला आले नसेल तर हाक मारून बोलवावे. मिशीवाल्या आईचे स्मरण करावयाचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही.